पिकअपचं नाक वर करायचंय? आधी टेप हातात घ्या

अमेरिकेत नवी पिकअप घेतली, दारात उभी केली आणि जरा लांबून, बाजूने पाहिली की ती पुढे झुकल्यासारखी दिसते. मागचं मडगार्ड पुढच्यापेक्षा साधारण एक ते अडीच इंच उंच असतं. हा उतार कंपनीने मुद्दाम ठेवलेला असतो. हौद्यात सामान भरलं किंवा मागे ट्रेलर जोडला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. या उताराला इथे ‘रेक’ म्हणतात. फक्त पुढची बाजू उचलून तो घालवायचा म्हणजे लेव्हलिंग. पुढची-मागची दोन्ही उचलायची म्हणजे लिफ्ट.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवख्या माणसाने घरच्या ड्राइव्हवेत करावं असं यातलं काम एकच आहे: पुढे दोन इंचांपर्यंतचं लेव्हलिंग. चार-सहा इंचांच्या लिफ्टमध्ये क्रॉसमेंबर (फ्रेमचा आडवा दांडा) खाली सरकवावा लागतो, नकल (चाकाचा हब धरणारे तुकडे) बदलाव्या लागतात, कधी ड्राइव्हशाफ्टही बदलतो, आणि काही किटमध्ये तर फ्रेमला जोडलेले मूळ ब्रॅकेट कापावे लागतात. ते काम गाडी वर उचलायचं यंत्र असलेल्या गॅरेजचं. शिवाय सहा इंच चढवलेली गाडी घरात शिरेलच असं नाही. इथल्या बहुतेक घरांच्या गॅरेजचं दार सात फुटी, म्हणजे ८४ इंच. चार दारांची फोर-बाय-फोर एफ-१५० मुळातच ७७ इंचांच्या आसपास असते. सहा इंच लिफ्ट आणि वर मोठे टायर, की हिशेब दाराच्या चौकटीशीच येऊन थांबतो.

ज्यांनी स्वतः ब्रेक पॅड बदललेत, टायर फिरवून बसवलेत, पण सस्पेन्शनला अजून हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

किती उचलायचं हे कसं ठरवायचं

फोटो बघून किट मागवू नका. सपाट जागी गाडी लावा, चारही टायरमध्ये दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा, टाकी साधारण अर्धी असू द्या. मग चाकाच्या मध्यापासून, म्हणजे हबच्या मधोमध, सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीज हिशेबात घुसते. चारही कोपऱ्यांचे आकडे कागदावर लिहा आणि कागद जपून ठेवा, काम झाल्यावर लागणार आहे.

पुढच्या आणि मागच्या मडगार्डची गोलाई सारखी नसते, त्यामुळे दोन आकड्यांतला फरक म्हणजे अचूक उतार नव्हे. खरा उतार बघायचा तर दाराखालच्या लांब पट्टीवर पाणसळ ठेवा. तिथे बुडबुडा मध्यावर येण्यासाठी किती उचलावं लागेल हे कळलं की तोच तुमचा आकडा.

डाव्या-उजव्या बाजूतही फरक निघेल. पाव इंच असेल तर दुर्लक्ष करा. टोयोटा टकोमा ड्रायव्हरच्या बाजूला किंचित कललेली असते हे तिच्या मालकांना चांगलंच ठाऊक आहे, आणि त्यासाठी एका बाजूला पाव इंचाचा पातळ स्पेसर वेगळा मिळतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही गाडीत नेहमी जेवढा भार घालता तेवढा घाला आणि पुन्हा मोजा. कोणाचा कॅम्पिंगचा ट्रेलर असेल, कोणाची बोट, कोणी मंडळाच्या गणपतीचे ढोल आणि मंडपाचे पाइप वाहून नेत असेल. भरलेल्या गाडीचा मागचा भाग दोन इंच दबत असेल आणि तुम्ही रिकाम्या गाडीत पुढचा भाग दोन इंच उचलून ठेवलात, तर ट्रेलर लावल्यावर गाडीचं नाक आकाशाकडे. पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत दिवे जातात. वारंवार ओझं वाहणाऱ्याने एक इंच उचलून थांबावं, किंवा मागच्या पाट्यांना मदत करणाऱ्या हवेच्या पिशव्या बसवाव्यात. त्या बसवल्या तरी गाडीची भारक्षमता वाढत नाही. दाराच्या स्टिकरवर छापलेली असते तेवढीच ती राहते.

आपल्या गाडीखाली काय आहे ते बघा

किट मागवण्याआधी गाडीखाली डोकावा. फोर्ड एफ-१५० (२००४ पासून), शेवरले सिल्व्हराडो १५०० (२००७ च्या नव्या बांधणीपासून), रॅम १५०० आणि टकोमा या गाड्यांना पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र असतात आणि स्प्रिंगच्या आत शॉक बसवलेला स्ट्रट असतो. खाली दिलेली कृती या रचनेची आहे. रॅम १५०० ला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असते. तीच गाडी एअर सस्पेन्शनची असेल तर स्पेसरच्या वाटेला जाऊच नका.

सिल्व्हराडो २५०० एचडीसारख्या गाड्यांना पुढे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा, असतो. तिथे बोल्ट फिरवून उंची वाढते, त्यामुळे काम फार सोपं वाटतं. पण पिळलेल्या बारमध्ये प्रचंड ताकद साठलेली असते. बारचा पीळ धरून ठेवणारा तुकडा (‘की’) बदलायचा असेल तर बार सैल करण्याचं खास हत्यार लागतं, साध्या सी-क्लॅम्पवर ते करू नये. फोर्ड सुपर ड्यूटी फोर-बाय-फोरला पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. स्प्रिंगवर स्पेसर बसतो, पण ट्रॅक बारमुळे (अ‍ॅक्सलला आडवा सरकू न देणाऱ्या दांड्यामुळे) अ‍ॅक्सल किंचित एका बाजूला सरकतो आणि मग अ‍ॅडजस्ट होणारा ट्रॅक बारही घ्यावा लागतो.

स्ट्रटच्या गाडीत नाक वर करायचे सरळ मार्ग दोन. पहिला, स्ट्रटच्या डोक्यावर बसणारा स्पेसर. साधारण पन्नास ते दोनशे डॉलरमध्ये मिळतो. दुसरा, बिल्स्टीन ५१०० सारखा शॉक, ज्यावर स्प्रिंगची बैठक खाचा बदलून वर घेता येते. चालवायला दुसरा जास्त छान, पण त्यासाठी स्प्रिंग दाबून स्ट्रट उघडावा लागतो. तुम्हाला तो हवा असेल तर स्ट्रट गाडीतून घरी काढा, गॅरेजात नेऊन जोडून आणा आणि परत घरी बसवा. पार्ट्सच्या दुकानात स्प्रिंग कंप्रेसर उसना मिळतो म्हणून तो प्रयोग पहिल्याच वेळी करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, किंवा त्याहून वाईट होतं.

स्पेसर हातात आला की तो फसवा वाटेल. डब्यावर दोन इंच लिहिलेलं आणि आत जेमतेम एक इंच जाडीची चकती. माल बरोबरच असतो. स्ट्रट खालच्या आर्मच्या (फ्रेमपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) टोकाला नसून साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे स्ट्रट एक इंच खाली ढकलला की चाक जवळजवळ दोन इंच खाली जातं. हे न कळल्यामुळे लोक दोन चकत्या एकावर एक घालतात आणि मग बॉल जॉइंट (आर्म आणि नकल जोडणारे सांधे) आणि सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे) पार वाकड्या कोनात लटकतात. एका बाजूला एकच स्पेसर.

दोन-अडीच इंचांच्या पुढे जायचं असेल तर वरचे कंट्रोल आर्मही बदलावे लागतात, कारण मूळ आर्म चाक पूर्ण खाली लटकल्यावर स्प्रिंगला घासू लागतो. दोनवर थांबा असं मी म्हणतो ते याच कारणाने.

बॉडी लिफ्ट हा अगदी वेगळा प्रकार आहे. त्यात फ्रेम आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालतात. सस्पेन्शन तसंच राहतं, पण स्टिअरिंगचा शाफ्ट, पेट्रोल भरायची नळी, रेडिएटरचं आवरण हे सगळं जुळवत बसावं लागतं. मला तो कधी पटला नाही.

हत्यारं आणि जागा

तीन टनी फ्लोअर जॅक, जॅक स्टँडची जोडी, दोन पाचरी, अर्ध्या इंची ड्राइव्हचा टॉर्क रेंच, लांब दांड्याचा ब्रेकर बार, मिलिमीटरमधले सॉकेट, एक जड हातोडा, चार-पाच फुटी पहार, गंजलेले नट सोडवायचं तेल, पांढरा मार्कर, आणि एक मदतनीस. टॉर्क रेंच आणि बॉल जॉइंट सोडवायचं हत्यार ऑटोझोन, ओरायली अशा दुकानांत अनामत ठेवून उसनं मिळतं. बॉल जॉइंटसाठी दोन बोटी फाळ देऊ केला तर नको म्हणा. तो जॉइंटचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाडतो.

जॅक स्टँडवर पैसे वाचवू नका. तीन टनी स्टँडला वजन पेलतं, पण पिकअपची फ्रेम उंच असल्यामुळे ते उंचीला कमी पडतात. सहा टनी घ्यावेत ते वजनापेक्षा उंचीसाठी. जुने, उसने आणलेले स्टँड असतील तर त्यांचा छाप बघा. २०२० मध्ये हार्बर फ्रेटने पिट्सबर्ग छापाचे तीन आणि सहा टनी स्टँड मोठ्या संख्येने परत मागवले होते. दातांची पकड नीट बसत नसल्यामुळे ते भाराखाली अचानक खाली यायची शक्यता होती. त्यातले कित्येक अजून लोकांच्या गॅरेजमध्ये असणार. सिमेंटच्या पोकळ विटांवर गाडी टेकवायची नाही. त्या दबत नाहीत, एकदम फुटतात.

जागा सपाट आणि काँक्रीटची हवी. डांबरी ड्राइव्हवेवर टेक्सासच्या उन्हाळ्यात स्टँडचे पाय रुततात, खाली पाऊण इंची प्लायवुड टाका. उताराच्या ड्राइव्हवेवर हे काम करू नका, मित्राच्या घरी जा.

मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्ककडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं. तिथल्या पाच-सात वर्षं जुन्या गाडीचे नट सुखासुखी निघत नाहीत. आदल्या दोन रात्री तेल मारून ठेवा. टेक्सास किंवा अ‍ॅरिझोनात ही कटकट जवळजवळ नसते.

आणि शनिवारी सकाळी सुरू करा. काहीतरी तुटलं तर दुकान उघडं असतं, आणि दुकानात जायला घरी दुसरी गाडी हवी.

प्रत्यक्ष काम

आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून ठेवा. प्रत्येक बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने कसायचा तो आकडा, त्यातूनच घ्या. व्हिडिओतल्या माणसाचं वर्ष वेगळं, मॉडेल वेगळं.

सुरुवातीआधी संध्याकाळी गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करून हेडलाइटच्या उजेडाची वरची कड भिंतीवर चिकटपट्टीने खुणावून ठेवा, आणि दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंचीही लिहून घ्या.

गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन बंद, मागच्या चाकांना दोन्हीकडून पाचरी. पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग पुढचा भाग उचला आणि पुढच्या चाकांच्या मागे फ्रेमखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावा. खालच्या आर्मखाली स्टँड लावायचा नाही, कारण आर्म खाली लोंबायला मोकळा हवा. दोन्ही चाकं एकदमच वर हवीत. एकच बाजू उचलली तर स्वे बार (दोन्ही बाजूंना जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा) दुसऱ्या बाजूचा जोर इकडे आणत राहतो आणि पुढचं प्रत्येक काम दुप्पट अवघड होतं. स्टँडवर बसवल्यावर गाडीला खांदा लावून जोरात हलवा. हलायची असेल तर आत्ता हलू दे. काढलेली चाकं फ्रेमखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड निसटलाच तर गाडी त्यांच्यावर बसेल, तुमच्यावर नाही.

आता स्वे बारच्या लिंक, दोन्ही बाजूंच्या, सोडा. एबीएसची वायर आणि ब्रेकच्या नळीचं ब्रॅकेट नकलवरून मोकळं करा. टाय रॉडच्या (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकाचा नट पूर्ण न काढता दोन-चार आट्यांवर ठेवा आणि नकलच्या ज्या कानात तो बसतो त्या कानावर बाजूने हातोड्याचे दोन ठाम घाव घाला. टाय रॉड आपोआप सुटतो. घाव आट्यांवर घालायचे नाहीत. वरच्या बॉल जॉइंटचं तंत्र अगदी हेच, फक्त त्याआधी खालच्या आर्मखाली जॅक टेकवून ठेवा.

वरचा बॉल जॉइंट सुटला की नकल बाहेरच्या बाजूला झोपायला बघते. तिला झोपू देऊ नका. फोर-बाय-फोर असेल तर हाफशाफ्ट (चाक फिरवणारा शाफ्ट) खेचला जाऊन आतल्या सीव्ही जॉइंटमधून निघू शकतो, आणि ब्रेकच्या नळीवरही ताण येतो. जाड तारेने किंवा पट्ट्याने नकल फ्रेमला बांधून टाका. मदतनिसाचं मुख्य काम इथे आहे.

स्ट्रटचे खालचे नट काढा. मग वरचे तीन. इथे नीट लक्ष द्या: स्ट्रटच्या डोक्यावर कडेने तीन नट असतात आणि मधोमध एक. मधल्या नटाला हात लावायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगला त्यानेच धरून ठेवलेलं असतं. तो सोडला तर स्प्रिंग तोफेसारखी उडते. मी त्या नटावर लाल चिकटपट्टी गुंडाळतो आणि मगच पान्याला हात लावतो. कडेच्या तिघांपैकी शेवटचा नट सोडताना खालून कोणीतरी स्ट्रट धरा, तो बऱ्यापैकी जड असतो.

बाहेर आलेल्या स्ट्रटवर स्पेसर बसवायचा तो किटमधल्या कागदावर दाखवलेल्या दिशेनेच. बऱ्याच स्पेसरना डावं-उजवं किंवा ‘बाहेरची बाजू’ अशी खूण असते, कारण स्ट्रट तिरका उभा राहतो. मूळ बोल्ट लांब पडत असतील तर काही किटमध्ये ते थोडे कापायला सांगतात. ते वाचूनच किट निवडा. मला न कापता बसणारा स्पेसर बरा वाटतो, मूळ अवस्थेत परत जाता येतं.

परत बसवताना अडेल ते इथेच. स्ट्रट आता लांब झालाय, त्यामुळे वरचे तीन बोल्ट भोकांत घुसले की खालची टोकं आर्मवर बसत नाहीत. वरचे नट हाताने दोन-तीन आटे फिरवून सैल ठेवा, पहार खालच्या आर्मवर टेकवून मदतनिसाने वजन टाकून आर्म खाली दाबावा आणि तुम्ही स्ट्रट जागेवर सरकवा. बोटं मध्ये ठेवू नका, पेचकस वापरा. घुसत नसेल तर दुसऱ्या बाजूची स्वे बार लिंक खरंच सुटलीय का बघा, दहातल्या आठ वेळा कारण तेच असतं.

मग नकल उभी करून आर्मखालचा जॅक हळूहळू वर घ्या, वरचा बॉल जॉइंट भोकात येईल. जॅक चढवताना डोळा स्टँडवर. फ्रेम स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर थांबा. टाय रॉड, नळीचं ब्रॅकेट, वायर, सगळं ज्या क्रमाने काढलं त्याच्या उलट. स्वे बारच्या लिंक सगळ्यात शेवटी.

जिथे मॅन्युअल ‘नवा नट वापरा’ म्हणतं तिथे नवा वापरा. फोर्डच्या सस्पेन्शनमध्ये असे एकदाच वापरायचे नट बरेच असतात आणि किटमध्ये ते नसतात. आधीच मागवून ठेवा.

आणखी एक. आर्मच्या आतल्या टोकाचे, रबरी बुशमधले बोल्ट तुम्ही सैल केले असतील तर ते चाक लटकत असताना कसायचे नाहीत. तसं केलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गाडी जमिनीवर, आपल्या वजनावर असताना ते शेवटचे कसा.

कसलेल्या प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या मार्करने रेघ मारा. नट आणि धातू दोघांवरून जाणारी सलग रेघ. पुढे तो फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

चाकं चढवा, गाडी खाली घ्या, चाकांचे नट चांदणीच्या क्रमाने टॉर्क रेंचने कसा. २०१५ नंतरच्या एफ-१५० ला १५० फूट-पाउंड, सिल्व्हराडो १५०० ला १४०. गाडी मागे-पुढे थोडी चालवून मग मोजा. स्टँडवरून उतरल्या उतरल्या ती खोटी उंच दिसते, चाकं आत ओढलेली असतात.

मागची बाजू

नुसत्या लेव्हलिंगला मागे काही करावं लागत नाही. पुढे दोन आणि मागे एक इंच असं करायचं असेल तर पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये ठोकळा घालतात. इथे एक इंचाचा ठोकळा म्हणजे एक इंचच. फ्रेम स्टँडवर, अ‍ॅक्सल जॅकवर, शॉकचं खालचं टोक सोडलेलं, यू-बोल्ट काढून अ‍ॅक्सल थोडा खाली, ठोकळा, आणि मधली पिन भोकात नीट बसली की वर.

यू-बोल्ट नेहमी नवे आणि योग्य लांबीचे घ्या. जुने एकदा ताणले गेलेले असतात, पुन्हा कसल्यावर तीच पकड देत नाहीत. ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा नाही. कंपनीचा मूळ ठोकळा असेल तर तो काढून त्या जागी एकच उंच ठोकळा. आणि पुढच्या अ‍ॅक्सलखाली ठोकळा कधीच नाही, ब्रेक मारताना तो फिरून निसटू शकतो.

अलाइनमेंट, दिवे, कॅमेरा

काम झालं की गाडी थेट अलाइनमेंटला न्यायची. नाक वर गेलं की टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत) आणि कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय) दोन्ही बदलतात. तसंच चालवत राहिलात तर टायरची कड काही आठवड्यांत खाल्ली जाते. शंभर-दीडशे डॉलर आधीच बाजूला काढून ठेवा आणि शनिवारी दुपारची किंवा सोमवारी सकाळची वेळ घेऊन ठेवा. आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या, आणि स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणायला सांगा. स्थैर्य राखणारी यंत्रणा त्याच्यावर चालते.

दिव्यांकडे मात्र कोणी बघत नाही. १४५ इंच व्हीलबेसच्या गाडीचं नाक दोन इंच उचललं तर उजेडाची कड २५ फुटांवर चार इंच वर चढते, शिवाय दिवाच दोन इंच उंच झालेला. शंभर फुटांवर तीच कड दीड फुटाहून वर जाते, म्हणजे थेट समोरच्या छोट्या गाडीच्या ड्रायव्हरच्या तोंडावर. हेडलाइटच्या मागे उभ्या दिशेचा स्क्रू असतो. पुन्हा २५ फुटांवर उभे राहा, दिव्याची उंची जेवढी वाढली तेवढंच जुन्या खुणेच्या वर, त्याहून जास्त नाही, अशी कड आणा. दहा मिनिटांचं काम आहे.

काचेमागचा कॅमेरा आणि जाळीतला रडार असलेल्या गाडीत तेही वर बघू लागतात. तुमच्या मॉडेलला कॅलिब्रेशन लागतं का, आणि उंची बदललेल्या गाडीचं ते करून देतात का, हे किट घेण्याआधी डीलरला विचारा. नंतर विचारलंत तर उत्तर काहीही आलं तरी पैसे गेलेले असतात.

मोठे टायर

नुसतं लेव्हलिंग केल्याने स्पीडोमीटर बदलत नाही, मोठ्या टायरने बदलतो. २६५/७०आर१७ चा व्यास ३१.६ इंच, २८५/७०आर१७ चा ३२.७. फरक साडेतीन टक्के, म्हणजे काटा ६० वर असेल तेव्हा तुम्ही ६२ ने चाललेले असता. मागच्या डिफरन्शिअलखाली जास्त जागा हवी असेल तर ती फक्त टायरच देतो, आणि तीसुद्धा इथे अर्धा इंचच. नवा टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, मागे जातानाही, आतल्या प्लास्टिकला घासतो का ते बघा.

कायदा, वॉरंटी आणि भारत

नियम राज्याराज्याचे. कॅलिफोर्नियात फ्रेमची जमिनीपासूनची उंची मोजतात: ४,५०१ ते ७,५०० पाउंड एकूण वजनाच्या गटात ३० इंचांपर्यंत. नॉर्थ कॅरोलायनात १ डिसेंबर २०२१ पासून पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच ठेवायला बंदी आहे. व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला. साधं लेव्हलिंग या मर्यादेच्या आसपासही जात नाही, पण तुमच्या राज्याचं पान एकदा वाचा.

वॉरंटीबद्दल डीलर ‘सगळी गेली’ असं सांगतो. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून पूर्ण वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावं लागतं. स्पेसर लावल्यावर सीव्ही जॉइंट गेला तर मात्र ते दाखवणं त्यांना सोपं आहे. विमा कंपनीला बदल कळवून त्यांची लेखी पोच ठेवा.

हे वाचून पुण्यात किंवा कोल्हापुरात इसुझु व्ही-क्रॉस नाहीतर हायलक्स उचलायला निघालेल्यांसाठी: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. तिथे आधी आरटीओला विचारा, मग पाना हातात घ्या.

पहिले काही दिवस

शंभर मैलांनी चाकांचे नट पुन्हा टॉर्कला लावा, यू-बोल्ट बदलले असतील तर तेही. मार्करच्या रेघा टॉर्चने बघून घ्या. स्पीडब्रेकरवर वरून ‘खट्’ आवाज आला तर स्ट्रटचे वरचे तीन नट सैल आहेत. वळताना खालून आला तर स्वे बारची लिंक. सीव्हीच्या बुटाबाहेर ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलाय, तसं चालवत राहू नका. आठवड्याने पुन्हा टेप घेऊन चारही कोपरे मोजा आणि त्या पहिल्या कागदाशी ताडून बघा. आकडा ठरवल्यापेक्षा पाव इंच इकडेतिकडे असेल तर चालेल. डावी-उजवी बाजू आधीपेक्षा अर्धा इंचाने वेगळी निघाली तर एका बाजूचा स्पेसर नीट टेकलेला नाही, ती बाजू परत उघडा.